बाहुलीच्या केसांची बट

३ ऑक्टोबर, मंगळवार

रास्तकोचं लग्न मोडलं. आणि मोडलं माझ्यामुळे!

सकाळी पोरगा दारात उभा. कोट नाही, दाढी वाढलेली. म्हणाला, "बाबा, विश्न्या माझी बहीण लागते म्हणे."

माझ्या हातातलं दूध ओट्यावर सांडलं. रोसांदाने माझ्याकडे अशी नजर टाकली की चाळीस वर्षांचा संसार एका दमात तपासून झाला. "मी काही केलेलं नाही!" — माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे. पोराचं काय झालं हे विचारायच्या आधी. काय माणूस आहे मी!

४ ऑक्टोबर

आता जरा डोकं ठिकाणावर आहे. नीट लिहितो.

विश्न्या शनिवारी गावी गेली होती, दोन्या लोक्वाला, निशच्या पुढे डोंगरात. आईबाप लवकर गेले, आजीनेच तिला वाढवलं. स्तामेना आजी. लग्न ठरलं, तारीख ठरली, १९ नोव्हेंबर, हॉटेलचा हॉल ठरला. राहिलं होतं ते आजीला सासरच्या माणसांचा फोटो दाखवायचं. फोटो दाखवला. म्हातारीने चष्मा लावला आणि माझ्या तोंडाची पापी घेतली — फोटोतल्या! मग छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "हा आपला कुम! ह्याने तुझं जावळ काढलंय. आणि तू ह्याच्या घरात सून म्हणून जातेस? भावाशी लग्न लावतेस?"

झालं. संपलं. कुम म्हणजे मानलेला धर्मबाप, त्याचं नातं रक्ताच्याही वरचं. कुमाच्या घरात मुलगी देत नाहीत, त्याच्या घरची करत नाहीत. बाप्तिस्म्याचा कुम असतो, लग्नाचा असतो, आणि जुन्या गावांत जावळाचाही — बाळाचे पहिले केस जो कापील तो. हे मला माहीत होतं. पण पुस्तकात वाचलेलं माहीत असतं तसं. मी बेलग्रेडचा, बाप पक्षाचा माणूस, आमच्या घरात कुणाचं जावळ न्हाव्याशिवाय कुणी काढलं नाही.

आणि मी जे कापलं ते रंगमंचावर! गाण्यात!

सव्वीस वर्षं मी तिशा काका होतो. पिवळी टोपी, लाल अकॉर्डियन. "कात्रीबाई, कात्रीबाई, कानाला चावू नको गं" — शब्द माझे, चाल माझी, ट्रॉलीबसमध्ये उभ्याने सुचलेली. या देशात पन्नाशीच्या आतला असा माणूस नाही ज्याला ते येत नाही. तिसऱ्या कडव्याला एखादं मूल वर बोलवायचं, एक बट कापायची, त्यात नाणं ठेवायचं, पाकिटात घालून आईच्या हातात द्यायची. टाळ्या! दरवेळी टाळ्या!

आणि खरी गोष्ट — जी रोसांदा, माझा रंगमंचावरचा जुना जोडीदार गोयको आणि मी सोडून कुणाला ठाऊक नाही — मी कधी कुणाचा एक केससुद्धा कापला नाही. कात्री बोथट. डाव्या मुठीत आधीच लपवलेली बट. बाहुलीच्या केसांची! नायलॉन! रोसांदा बाहुल्या भादरायची, काळ्या, तपकिरी, पिवळ्या अशा बटा बांधायची आणि टिनच्या पेटीत भरून द्यायची. पोराच्या कानाजवळ धार नको, एवढंच माझं म्हणणं होतं.

म्हणजे कुम वगैरे काही नाही! रोसांदा दुपारी म्हणाली, "मग जा आणि सांग की म्हातारीला. दोन वाक्यांचं काम आहे."

खरंच दोन वाक्यांचं काम आहे.

५ ऑक्टोबर

गोयकोला पँचेव्होला फोन केला. केस कापायची कल्पना त्याचीच. तो गावाकडचा. म्हटलं, "तुला ठाऊक होतं, लोक हे खरं मानतील?"

तो म्हणाला, "तिशा, गाढवा, मला वाटलं तुला ठाऊक आहे!"

"मला कसं ठाऊक असणार?"

"मग बायका तुला मोजे कशाला द्यायच्या रे? तुझ्या पायांवर प्रेम होतं त्यांचं?"

मोजे!

जावळाच्या कुमाला मुलाची आई मोजे देते. हाताने विणलेले. सव्वीस वर्षं प्रयोगानंतर बायका यायच्या, काही न बोलता हातात लोकरीचे मोजे ठेवायच्या, आणि मी म्हणायचो, वा, प्रेक्षक असावेत तर असे! आजवर मी एक मोजा विकत घेतलेला नाही. आत्ता पायात आहेत तेसुद्धा कुणाच्या तरी आईचे.

काढून ठेवले. पाय गारठले. परत घातले.

७ ऑक्टोबर, शनिवार

तळघरात गेलो होतो. पत्रांची पोती. तीन.

इतकी वर्षं आमची समजूत अशी, की लोक आपल्या पोरांच्या लग्नाला तिशा काकाला बोलावतात ते फुकटात गाऊन घ्यायला. रोसांदा पत्रिका बघायची आणि म्हणायची, "आणखी एक चतुर." आणि पोत्यात टाकायची. मीच सांगितलं होतं, उत्तर देऊ नको, एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल.

आज जिन्यावर बसून वाचली. संध्याकाळपर्यंत.

"कुमा, मिलुनचं लग्न आहे. तुमच्यासाठी स्टेशनवर गाडी पाठवतो. पिवळी टोपी नसली तरी ओळखू."

"कुमा, स्टेशनवर गाडी उभी होती. काही अडचण आली असेल. मनाला लावून घेऊ नका."

आणि एक वाल्येवोकडचं — "कुमा, मुलगी झाली. नाव तुम्ही ठेवायचं. वाट बघतोय." त्याच घरचं दुसरं, चार महिन्यांनी: "कुमा, तुमचं पत्र आलं नाही. अजून तिला नुसतं पोरगीच म्हणतो. थांबतो आणखी." तिसरं, नुसतं कार्ड. "कुमा, शेवटी पोस्टमनने ठेवलं. तुमच्यावर राग नाही."

राग नाही! कुम लग्नाला येत नाही म्हणजे भर मांडवात नाक कापलं जातं त्या घराचं. आणि हे लिहितात, राग नाही.

रोसांदा खाली आली, दोन वाचली, तिसरं वाचलं नाही. "मी वर जाते," म्हणाली. तिला जिन्यावर मधेच बसावं लागलं.

८ ऑक्टोबर

काही सुचत नाही. पियानोचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

१६ ऑक्टोबर

टेलिव्हिजनची मुलगी आली होती. माझ्या पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीवर तासाभराचा कार्यक्रम करतायत. जुने फोटो, टोपी, रोजनिश्या, सगळं हवंय तिला. मागच्या महिन्यात मीच तिला म्हणालो होतो, तुम्हाला एक गंमत सांगीन, पडद्यामागची, कुणालाच ठाऊक नाही! तिने वहीत लिहून ठेवलंय. आज विचारते, "काका, ती गंमत?"

म्हटलं, "विसरलो."

"असं कसं विसरलात? तुम्हीच म्हणालात, सगळा देश हसेल!"

म्हटलं, दूध नासलंय का ते बघ जरा. खरंच विचारायचं होतं. त्या साथीपासून मला कशाचाच वास येत नाही. रोसांदा बाहेर गेली की येणाऱ्या जाणाऱ्याला दुधाचा वास घ्यायला लावतो. तिने वास घेतला, नासलं होतं. गंमत मात्र वाचली.

सगळा देश हसेल. हसेल! आणि ती वाल्येवोची पोरगी? जिचं नाव पोस्टमनने ठेवलं?

२२ ऑक्टोबर, रविवार

विश्न्या आणि रास्तको जेवायला आले. जेवले कसले, भात चिवडत बसले. विश्न्या दातांची डॉक्टर आहे, दिवसभर लोकांना "अजिबात दुखणार नाही" म्हणणारी मुलगी. आज तिचे डोळे सुजलेले.

"सह्या करून मोकळे होऊ," रास्तको म्हणाला. "कचेरीत जावळ कोण विचारतंय?"

"आजीला सोडून?" ती म्हणाली. "जमणार नाही मला. तू दुसरी बघ."

"दुसरी काय बघ! भाजी आहे का ती?"

मग विश्न्याने सांगितलं ते असं. तिच्या आधी तिच्या आईची दोन मुलं गेली होती, पाळण्यातच. अशा घरात पुढच्या मुलाला ओळखीतला कुम चालत नाही, परका लागतो, वाटेवरचा, ज्याचा त्या घराच्या नशिबाशी संबंध नाही असा. तर आजी तिला पाठुंगळी घेऊन आठ किलोमीटर चालत माझ्या प्रयोगाला आली होती. १९९४. विश्न्या तीन वर्षांची. तोवर केसांना कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि मी हॉलभर पोरांतून नेमकं तिलाच वर बोलावलं.

"मी जगले ती तुमच्यामुळे, असं आजी मानते," विश्न्या म्हणाली. "दर रविवारी तुमच्या नावाची मेणबत्ती लावते. मी तिला म्हटलं, आजी, आम्ही तुला न विचारता केलं तर? तर म्हणाली, तुम्हा पोरांना कसलं पाप? पाप माझ्या माथी, कारण मला माहीत आहे."

रोसांदा टेबलाखालून मला लाथ मारत होती. सांग ना! सांग!

मला नाही सांगवलं. म्हटलं, मी स्वतः जाऊन आजीशी बोलतो. मित्रोव्दानला, त्यांच्या कुलसंताच्या दिवशी, घरचा सण असतो, तेव्हा.

८ नोव्हेंबर, दोन्या लोक्वा

मित्रोव्दान. सणाला बोलावणं नसतंच. ज्याला यायचं तो येतो. आम्ही बापलेक आलो, रास्तकोने गाडी चालवली.

दार उघडलं आणि तीस माणसं उभी राहिली. माझ्यासाठी! कुणीतरी ओरडलं, "कुम आला!" एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मला मागे वळून बघावंसं वाटलं, कोण आलंय म्हणून.

टेबलाच्या वरच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती. स्तामेना आजीने — एवढीशी बाई, माझ्या खांद्यालाही लागत नाही — माझी बाही धरली, तिथे नेलं आणि म्हणाली, "बैस कुमा. थंड झाली असेल खुर्ची. एकोणतीस वर्षं झाली."

दर सणाला ती खुर्ची मांडलेली असते. कुणी बसत नाही. एकदा गावचा सरपंच बसायला गेला तर तिने त्याला उठवलं होतं. हे मला सरपंचानेच सांगितलं, वर म्हणाला, "टेकायचीसुद्धा सोय नव्हती हो, बसणं तर लांबच!"

आज बुधवार, उपासाचा मासा, भट्टीत भाजलेला घेवडा, घरची राकिया दारू. रास्तकोला तिने विश्न्याशेजारी बसवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बहिणीला वाढ रे. शहरात भावांना एवढंही शिकवत नाहीत?" माणसं हसली. रास्तकोचा चेहरा बघवत नव्हता. विश्न्या उठून आत गेली.

मग लोकांनी गाणं म्हणायला लावलं. "कात्रीबाई." तीस माणसं टेबलावर ताल धरून गात होती आणि तिसऱ्या कडव्याला सगळे एकदम गप्प झाले. आदराने! चर्चमध्ये होतात तसे. मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, कुम हळवा आहे.

उद्या सकाळी सांगतो. उद्या नक्की.

९ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं.

सकाळी स्वयंपाकघरात ती एकटीच होती. रास्तको बाहेर काचेवरचं दव पुसत होता. मी दाराशीच उभा राहिलो. सगळं एका दमात. बोथट कात्री, मूठ, बाहुल्या, नायलॉन. म्हटलं, "आजी, मी कधीच कुणाचा एक केसही कापलेला नाही. कुणाचाच नाही. शपथेवर सांगतो. मी तुमचा कुम नाही. पोरांचं लग्न होऊ द्या."

ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत. मळता मळताच म्हणाली, "मग ही जगली कशी?"

तिने हात धुतले. देवाच्या तसबिरीमागून पाकीट काढलं — माझंच, पिवळी टोपी छापलेलं. मी म्हटलं, दाखवा, मी लगेच ओळखीन. "तू हात लावू नकोस," म्हणाली. माझ्याकडे पाठ करून लोखंडी चुलीशी गेली, झाकण उचललं, पाकीट निखाऱ्यावर उपडं केलं. वाकून उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती आणि डोक्याचा काळा रुमाल.

"नायलॉन," ती म्हणाली. "वितळलं मेलं."

झाकण लावलं. माझ्याकडे वळली तेव्हा डोळे कोरडे होते. "बरं झालं सांगितलंत, पाहुणे. होऊ द्या लग्न."

पाहुणे! कालपर्यंत कुमा, ये, बैस, आणि आज पाहुणे. मला तेच हवं होतं ना? तेच मागायला आलो होतो. तरी कुणी कानशिलात मारावी तसं झालं.

निघताना तिने माझ्या कोटाच्या खिशात काहीतरी कोंबलं. गाडीत बघितलं. मोजे. नवे, हिरव्या किनारीचे. विचारलं होतं मी दारातच, हे काय? तर म्हणाली, "थंडी आहे. घाला."

रास्तकोने ऐकलं आणि रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मला मिठी मारली. लहानपणीसुद्धा त्याने कधी अशी मारली नव्हती. मग नाक मुरडलं — "बाबा, कोटाला जळक्या पिसांचा वास मारतोय! उपास संपला, आजीने सकाळी सकाळी कोंबडी भाजली वाटतं!" सगळ्या काचा खाली केल्या. निशपर्यंत कुडकुडलो आणि तो गात होता. माझंच गाणं, बेसूर.

१० नोव्हेंबर

विश्न्या फोनवर रडली, हसली, परत रडली. रोसांदाने झग्याला शिंपी शोधला. घरात लग्न आहे हे आता घराला कळलंय.

मी त्या खुर्चीचा विचार करतोय. पुढच्या सणाला मांडतील का?

१४ नोव्हेंबर

वाल्येवोला पत्र लिहिलं. ती पोरगी आता सतरा वर्षांची असेल. नायलॉनचं लिहिलं नाही. लिहिलं, "तुमच्या कुमाला माफ करा, तो मूर्ख होता." बरोबर तिच्यासाठी चार ओळींचं गाणं, तिच्या नावाचं. पोस्टमनने चांगलं नाव ठेवलंय, दुन्या. चालीत छान बसतं.

रोज एक पत्र लिहायचं ठरवलंय. तीन पोती आहेत. पुरेन की नाही ठाऊक नाही.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

टेलिव्हिजनच्या मुलीसाठी जुन्या रोजनिश्या काढत होतो. १९९४ ची सहज उघडली. माझंच अक्षर:

"१२ मार्च. दोन्या लोक्वा. टिनची पेटी झायेचारच्या हॉटेलात राहिली — बटाही तीत, कात्रीही तीत! हॉलचा पडदा ओढणाऱ्या बाईची कात्री मागून घेतली आणि काय करणार, एका पोरीचे केस खरेच कापले. मऊ, पिवळे. रडली नाही. आजीने मोजे दिले, हिरवी किनार."

नायलॉनला पिसांचा वास येत नाही. जळक्या केसांना येतो. चुलीवर ती वाकली होती, आणि तिचं नाक शाबूत आहे. तरी म्हणाली, नायलॉन.

परवा लग्न. ते पाप आता तिच्या एकटीच्या माथी नाही, निम्मं माझ्या. मोजे घालून जाणार आहे.